खिडकी क्रमांक चार

सूरच्या कचेरीत, खिडकी क्रमांक चारवर
बाईंनी हाक मारली, "अंबर!"
आणि आम्ही दोघे उठलो.

मी अंबर रंगनाथ दाभाडे,
पाणीपुरवठ्याच्या ठेक्यावर गळती शोधणारा;
रात्री दोननंतर गाव निजलं की
डांबराला लोखंडी दांडी टेकवून
तिला कान लावतो.
तो अंबर बिन मरजान, पंचाहत्तरीचा,
गलबतांच्या फळ्यांमध्ये तेलात भिजवलेला कापूस ठोकून
जन्म काढलेला.
म्हणजे तोही गळतीवालाच.

बाई म्हणाल्या, बसा दोघंही, यंत्र बंद पडलंय.

मग बाकावर नावांचा हिशेब निघाला.
माझ्या आईला म्हणायचं होतं आभाळ.
पत्र्याच्या खोलीत जन्मलेल्या पोराला
नावात तरी ऐसपैस जागा असावी.
त्याचा अंबर वेगळा:
देवमाशाच्या पोटातून पडलेलं राखाडी ढेकूळ,
आधी नुसती घाण,
लाटांनी वर्षानुवर्षं चघळलं की मग वास धरतं,
सोन्याच्या भावानं जातं.
"मरजान म्हणजे पोवळं," तो म्हणाला.
"माझा बाप पोवळं, मी अंबर, आजाही अंबरच.
असली नावं आई ठेवत नसते.
विकत घेणारा ठेवतो. माणसाला मालाचं नाव.
आजाला झांजिबारहून उतरवलं तेव्हा
त्याचं काहीतरी दुसरं होतं.
कुणी विचारलं नाही."

मी म्हटलं, आमच्याकडेही एक होऊन गेला.
हबसाणातून निघाला, या बाजारातून त्या बाजारात,
मोखा काय, बगदाद काय,
आणि दख्खनला पोचला तो हेच नाव घेऊन.
चारशे वर्षं झाली.
"पुढे?"
पुढे वजीर. मोगलांना दमवलं.
खडकी नावाच्या खेड्यावर शहर वसवलं,
डोंगरातून, जमिनीच्या पोटातून पाणी आणलं.
"म्हणजे फलज!"
आम्ही नहर म्हणतो.
माझा बाप ते पाणी प्यायलाय.
मी फक्त तिच्या कोरड्या मनोऱ्यात खडे टाकले
आणि तळ लागायची वाट पाहिली.

म्हातारा टोपी नीट करत सरळ बसला.
"वजीर?"
वजीर. मलिक म्हणायचे त्याला.
"मलिक अंबर," तो दोनदा म्हणाला,
दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं, खिडकीला ऐकू जाईल इतकं.

टोकनाच्या पाठीवर त्यानं नाव लिहून दाखवलं.
लिहायचा नून, म्हणायचा म.
खाली मी माझं लिहिलं.
दोघांच्याही डोक्यावर एकेक ठिपका.
"तुझाही ठिपका म बोलतो?"
बोलतो की.
का कोण जाणे, आम्हाला फार हसू आलं.

यंत्र सुरू झालं. त्याचं काम दोन मिनिटांत उरकलं.
माझं अडलं जन्मगावाशी:
पासपोर्टवर एक नाव, नव्या दाखल्यावर दुसरं.
"हे एकच गाव आहे?"
एकच, बाई. खडकीपासून मोजाल तर हे चौथं नाव.
"गाव एक, नावं चार," त्या पुटपुटल्या,
"नाव एक, आणि माणसं दोन. माझा अख्खा दिवस असाच जाणार."

परवा त्याचा आवाजी निरोप आला.
पणतू झाला. नाव सऊद.
नातसुनेनं अंबर ठेवू दिलं नाही,
म्हणाली, बाजारातलं नाव पुरे झालं.
"तिचंही खोटं नाही," तो म्हणाला, मग खोकला,
मग बोटींचा आवाज,
मग, "तुमचा तो नहरवाला,
त्याची आई त्याला काय हाक मारायची?"

मी पुस्तकात शोधलं, फोन लावला.
चापू म्हणतात. खात्री नाही.

बराच वेळ पलीकडे काही नव्हतं.
मी सवयीनं फोन कानाशी घट्ट धरला,
दांडी धरतो तसा.

"चापू,"
त्यानं हळूच सोडलं,
कोरड्या मनोऱ्यात खडा सोडावा तसं,
आणि आम्ही दोघे थांबून राहिलो.